खोटं कोण बोलतंय, सेन्सर की भिंत?

प्रश्न : ताई, मी कऱ्हाडजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय ६७. नोव्हेंबरपासून मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला आले आहे. एप्रिलपर्यंत मुक्काम. ऑक्टोबरात मुलानं घराचं तापमान राखणारा भिंतीवरचा जुना गोल थर्मोस्टॅट काढला आणि मोबाइलवर चालणारा नवा बसवला. व्हिडिओ बघून स्वतःच बसवला. संध्याकाळी त्यावर ७३ दिसतं आणि मी दोन स्वेटर घालून बसलेली असते. मुलगा ऑफिसातून मोबाइल बघून म्हणतो, "आई, ७३ फॅरेनहाइट म्हणजे जवळजवळ २३ अंश सेल्सियस. थंडी वाजेलच कशी?" शेवटी मी औषधांच्या दुकानातून साधा काचेचा तापमापक आणला, थर्मोस्टॅटशेजारी त्याच उंचीवर चिकटवला आणि चार दिवस वहीत आकडे मांडले. सकाळी सहाला यंत्र ६८, माझा ६६. दुपारी दोनला यंत्र ७१, माझा ६८. रात्री नऊला यंत्र ७३, माझा ६६. रात्री तळघरातली घर तापवणारी भट्टी दर दहा मिनिटांनी धडधडून बंद होते. थर्मोस्टॅट जिन्याजवळच्या बोळात आहे, तिथं ऊन येत नाही. खाली टेबलावर एक दिवा होता, तो मी हलवून पाहिला. फरक पडला नाही. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच भिंतीच्या रेषेत गरम हवेची जाळी आहे. आता मुलालाही सेन्सर बिघडला असंच वाटतं आणि तो दुसरं यंत्र मागवायला निघालाय. मागवू दे का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : बाई, नका मागवू देऊ. आणि ती वही जपून ठेवा. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकी नेटकी नोंद आणून देणारे ऑपरेटर मला दोनच भेटले.

तुमचे फरक बघा : सकाळी २, दुपारी ३, रात्री ७. सेन्सर बिघडला की तो साधारण दोन तऱ्हांनी बिघडतो. एकतर तो दिवसभर तेवढाच चुकतो, पाच मिनिटं पुढं असलेल्या घड्याळासारखा. नाहीतर त्याला वेड लागतं : मिनिटाभरात दहा अंशांची उडी, दिवसभर एकच आकडा धरून बसणं, घरात बसून उणे चाळीस दाखवणं. तुमचा सेन्सर यातलं काहीच करत नाही. तो वेळापत्रकानं चुकतोय. सेन्सरला घड्याळ कळत नाही, म्हणजे त्या वेळापत्रकानं चालणारं दुसरंच काहीतरी त्याच्याजवळ आहे.

माझी एक फजिती सांगते. मी आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड करून साखर कारखान्यात लागले. गळीत हंगामात एका रात्री ज्यूस हीटरचं तापमान पॅनेलवर ६२ च्या वर जाईना. वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पाइपाला हात लावला तर चटका बसतोय, आणि पॅनेल म्हणतंय ६२. मी सेन्सर बदलला. तोच आकडा. दुसरा बदलला. तोच. तिसरा काढून आणायला स्टोअरमध्ये गेले, तर तिथला म्हातारा हेल्पर म्हणाला, "बाई, आधी सेन्सर नि त्याची नळी शेजारी धरून बघा की." धरला. सगळे दोन इंच आखूड निघाले. सेन्सर ज्या नळीत बसतो तिला आम्ही पॉकेट म्हणतो. त्या पॉकेटच्या बुडापर्यंत ते पोचतच नव्हते, मध्येच हवेत लोंबकळत होते. हवेचं तापमान ६२ होतं आणि तिघांनीही ते अगदी इमानदारीत सांगितलं. रस मात्र ७४ वर होता.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : सेन्सर खोलीचं तापमान सांगत नाही, रसाचं सांगत नाही, तो फक्त स्वतःचं सांगतो. तो जिथं बसलाय ती जागा खोलीसारखी आहे की नाही, हे बघणं आपलं काम.

आता तुमच्या बोळातली भिंत. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती बहुधा आपल्यासारख्या विटांच्या नसतात. लाकडी चौकट, तिच्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचे पत्रे आणि मध्ये पोकळी. त्या पोकळीतून वायरी जातात, नळ जातात आणि बऱ्याच घरांत वरच्या मजल्याला गरम हवा नेणारा पत्र्याचा डक्टही जातो. वरची जाळी नेमकी त्याच रेषेत आहे असं तुम्ही लिहिलंत, तिथंच माझा कान टवकारला. डक्टचे सांधे क्वचितच हवाबंद असतात. भट्टी सुरू झाली की थोडी गरम हवा पोकळीत झिरपते आणि बाहेर पडायला वाट शोधते. थर्मोस्टॅटच्या वायरींसाठी पाडलेलं भोक ही तिची आयती वाट. भोकातून आलेली हवा थेट यंत्राच्या पाठीवर. यंत्राला वाटतं खोली तापली, ते भट्टी बंद करतं. पोकळी गार होते, आकडा उतरतो, भट्टी पुन्हा सुरू. तुम्ही ऐकता ती दहा मिनिटांची धडधड हीच. रात्री भट्टीला काम जास्त म्हणून फरक ७. झोपताना तापमान खाली ठेवलं असेल तर पहाटे ती बराच वेळ गप्प असते, म्हणून २.

हे सगळं मी सांगलीत बसून म्हणतेय, म्हणून आधी पडताळा.

पहिली गोष्ट मुलाला विचारायची : यंत्राबरोबर दुसऱ्या खोलीत ठेवायची छोटी सेन्सरची डबी आली होती का? आली असेल तर ॲपमध्ये बघायला सांगा, भिंतीवरचा आकडा एकाच सेन्सरचा आहे की दोघांची सरासरी. अशी डबी एखाद्या उबदार बेडरूममध्ये पडलेली असते, यंत्र तिची सरासरी दाखवतं आणि बोळात बसलेल्या माणसाला सेन्सर बिघडलाय असं वाटतं. अशा काही तक्रारी इथंच मिटतात.

तसं काही नसेल तर उदबत्ती काढा. रात्री भट्टी जोरात चालू असताना एकच उदबत्ती पेटवून यंत्राच्या खालच्या आणि बाजूच्या कडेला बोटभर अंतरावर धरा. श्वास रोखून. धूर सरळ वर गेला तर माझा अंदाज चुकला. तो खोलीच्या दिशेनं ढकलला गेला तर चोर सापडला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, जास्त वेळ धरू नका. तिकडच्या घरांत बोळाच्या छताला धुराचा अलार्म असतो आणि तो कानठळ्या बसवतो.

भोक बुजवायचं काम मुलाकडून करून घ्या. आधी भट्टीची वीज बंद करायची. तिच्याजवळ किंवा तळघराच्या जिन्याशी दिव्याच्या बटणासारखं बटण असतं, बहुतेक वेळा लाल पट्टीवर. मग यंत्राचा दर्शनी भाग ओढून काढायचा. मागं आर, सी, डब्ल्यू, वाय, जी अशी अक्षरं आणि बारीक रंगीत वायरी दिसतील. या वायरींत २४ व्होल्ट असतात. माणसाला काही होत नाही, पण वीज चालू असताना आर आणि सी एकमेकांना टेकल्या की भट्टीच्या सर्किट बोर्डावरचा फ्यूज जातो. मोटारीत असतो तसाच चपटा, तीन किंवा पाच अँपियरचा. मग ऐन थंडीत रात्रभर भट्टी बंद. म्हणून वीज आधी, बाकी नंतर. (ज्यांच्या घरी विजेवर तापणाऱ्या पट्ट्या आहेत आणि थर्मोस्टॅटमागं जाड वायरी दिसतात, त्यांनी हात लावू नये. तिथं घराची पूर्ण वीज असते.) वायरींभोवतीचं भोक न सुकणाऱ्या पुट्टीनं बुजवायचं. हार्डवेअरच्या दुकानात इलेक्ट्रिशियन वापरतात ती चिकणमातीसारखी मिळते. ती नसेल तर तात्पुरता फोमचा तुकडा चालेल. वायरी ओढायच्या नाहीत, दाबून भरायचं.

जुन्या गोल थर्मोस्टॅटला हा त्रास का नव्हता, असं तुमच्या मनात येईलच. एकतर त्याच्या मागं कुणीतरी शहाण्यानं बोळा कोंबला असेल आणि नवं बसवताना मुलानं तो कचरा समजून उपसला असेल. दुसरं म्हणजे नवं यंत्र नाजूक असतं. त्यात वायफाय, उजळ पडदा, बॅटरी, आणि या सगळ्यांची स्वतःची ऊब असते. आतलं सॉफ्टवेअर ती ऊब अंदाजानं वजा करून आकडा दाखवतं. पाठीमागून गरम वारा लागला की तो अंदाजही कोलमडतो. म्हणूनच यंत्र काढून परत बसवल्यावर तास-दोन तास त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्याला स्थिर होऊ द्या, मग तुमचा तापमापक बघा.

तो जुना गोल अजून घरात असेल तर एक काळजी. १९५३ साली बाजारात आलेलं ते गोल मॉडेल आणि त्याच्या जातीचे बरेच थर्मोस्टॅट आतल्या काचेच्या कुपीतल्या पाऱ्यावर चालत. झाकण काढून तसली कुपी दिसली तर ती कचऱ्यात टाकायची नाही. तिकडं घरातला घातक कचरा गोळा करायची वेगळी सोय असते, अख्खा थर्मोस्टॅट तिथं द्यायचा.

ॲपमध्ये आकडा दुरुस्त करायची सोय काही यंत्रांत असते, उणे दोन, उणे तीन असं काहीतरी. मुलगा म्हणेल, उणे सात टाकू आणि मोकळे होऊ. टाकू देऊ नका. रात्रीचा सात वजा केला की पहाटे यंत्र खोलीपेक्षा पाच अंश कमी दाखवेल, भट्टी धडाडून चालेल आणि तुम्ही घामाघूम होऊन उठाल. ही दुरुस्ती फक्त दिवसभर सारख्या राहणाऱ्या फरकासाठी. एवढं सगळं करूनही फरक मोठा आणि सारखाच राहिला, तर मात्र सेन्सर खरंच गेलाय. तो या यंत्रांत बोर्डावरच डाग देऊन बसवलेला असतो, सुटा बदलत नाहीत. मग वॉरंटीत अख्खं यंत्र बदलून घ्या.

आणि तुम्ही शिक्षिका म्हणून एक गंमत. हा खोलीतला विजेचा थर्मोस्टॅट एका मास्तरांच्या वैतागातून जन्मलाय. वॉरेन जॉन्सन हे विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटरच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, शिकवायचे. वर्ग किती तापलाय ते बघायला शिपाई तास चालू असताना दार उघडून आत यायचा, मग तळघरात जाऊन झडपा खालीवर करायचा. जॉन्सननी तळघरात घंटी वाजवणारं यंत्र बनवलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. वर्गाचं दार वाजायचं थांबलं.

(हे उत्तर बाईंना आधीच मेलनं पाठवलं होतं. अंक छापायला जाण्याआधी त्यांचं पत्र आलं. धूर खोलीकडे वळला. भोकात अंगठा जाईल एवढी जागा होती. पुट्टी भरल्यावर रात्री नऊचा फरक दोनवर आला आणि सकाळ-दुपारही दोनच राहिला, तेव्हा मुलानं ॲपमध्ये उणे दोन टाकलं. एक स्वेटर उतरला आहे. दुसऱ्याचं त्या म्हणतात, "तो सवयीचा.")

प्रश्न : आमचा दीड टनी स्प्लिट एसी चार वर्षांचा आहे. मेमध्ये खोली भट्टीसारखी तापलेली असताना सुरू केला की आठ-दहा मिनिटांत बाहेरचं युनिट बंद पडतं, नुसता पंखा फिरत राहतो. मेकॅनिकनं सेन्सर काढून मीटर लावून दाखवलं. म्हणाला, दहा यायला पाहिजेत, साडेपाचच येतायत, सेन्सर अर्धा मेलाय. वर पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्डही बदलावा लागेल म्हणतो. एप्रिलमध्येच सर्व्हिसिंग झालं होतं. काय करावं?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : मेकॅनिकचं मीटर बरोबर, हिशेब चुकला. एसीतला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका आणि दोन वायरी. तो जेवढा तापतो तेवढा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. "दहा" म्हणजे दहा किलो-ओहम, पण ते २५ अंशांना. बर्फाच्या पाण्यात, शून्य अंशाला, तोच ३२-३३ दाखवतो. आणि साडेपाच कधी? साधारण ३९ अंशांना. मेमध्ये जळगावच्या बंद खोलीत ३९ नाही तर काय २५ असणार? तुमच्या सेन्सरनं जळगावचं खरं हवामान सांगितलं आणि त्यालाच मृत घोषित केलं!

खात्री करायची तर सोपी परीक्षा आहे. सेन्सर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे ओला होणार नाही. मग थोडं पाणी घातलेल्या बर्फाच्या चुऱ्यात पाच मिनिटं बुडवा. आकडा सावकाश, न अडखळता चढत ३२ च्या आसपास थांबला तर सेन्सर ठणठणीत. मीटरनं काहीच दाखवलं नाही म्हणजे वायर तुटली, शून्य दाखवलं म्हणजे आत शॉर्ट. मध्येच उड्या मारल्या तर वायर हलवून बघा, टोकाचा कनेक्टर गंजलेला असतो. (सगळेच दहाचे नसतात. कुठं पाच, कुठं पंधरा, वीस. नवा घ्यायची वेळ आलीच तर तुमच्या मॉडेलचाच घ्या. दिसायला सगळे सारखे आणि आकडे भलतेच.)

मग बाहेरचं युनिट बंद का पडतं? तुमच्या पत्रातली "एप्रिलमध्येच सर्व्हिसिंग" ही ओळ मी दोनदा वाचली. आतल्या युनिटमध्ये दोन सेन्सर असतात. एक कॉइलच्या तांब्याच्या नळीला चिकटून असतो, दुसरा खोलीत खेचल्या जाणाऱ्या हवेत, प्लॅस्टिकच्या छोट्या क्लिपमध्ये जाळीसमोर. सर्व्हिसिंग करताना पाण्याचा फवारा मारायला तो क्लिपमधून काढतात आणि परत बसवताना क्लिप तुटलेली असली की नुसता खुपसून देतात. तो मागं सरकून थंड कॉइलला टेकतो. कॉइल दहा-बारा अंशांवर आली की त्याला वाटतं खोली गार झाली, आणि बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर बंद.

मेन स्विच बंद करून पुढचं झाकण उघडा. खोलीचा सेन्सर कॉइलच्या पात्यांपासून बोटभर तरी लांब आहे का ते बघा. नसेल तर क्लिप नवी बसवून घ्या, ती मिळेपर्यंत प्लॅस्टिकच्या केबल-टायनं बांधून ठेवा. पीसीबीला तोवर कुणाला हात लावू देऊ नका. मेकॅनिक चिडला तर चिडू दे, एक कप चहा पाजा आणि त्याच्यासमोरच बर्फाची परीक्षा करा. माझा अनुभव असा की अशा वेळी चांगला कारागीर चिडत नाही, मीटर पुढं ओढून स्वतःच आकडा बघायला वाकतो.

क्लिप नीट बसवूनही तसंच चाललं, तर बाहेरच्या युनिटकडे वळावं लागेल : कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, तुंबला आहे का, व्होल्टेज पडतंय का. तेव्हा पुन्हा लिहा, आणि किती मिनिटांनी बंद पडतो व किती वेळानं परत सुरू होतो, हे दोन आकडे पाठवा.

प्रश्न : बहीण कॅनडात आहे, तिच्याकडे स्मार्ट थर्मोस्टॅट आहे. येताना एक आणते म्हणते. पणजीच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन स्प्लिट एसी आहेत. त्यांना जोडता येईल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. तो २४ व्होल्टच्या भट्टीसाठी आणि सेंट्रल एसीसाठी केलेला असतो. तुमच्या स्प्लिटमध्ये त्याच्या वायरी जोडायला जागाच नसते. आपल्याकडे एसीसाठी जे "स्मार्ट" म्हणून विकतात ते बहुतेक करून वायफायवर चालणारा रिमोट असतो, थोड्यांत तापमानाचा सेन्सरही असतो. तो एसीला फक्त हुकूम देतो. किती गार झालं हे शेवटी एसी स्वतःच्याच सेन्सरवरून ठरवतो. ऑफिसातून निघताना एसी सुरू करायची हौस असेल तर तसला रिमोट घ्या. ताईला सांगा, बॅगेतल्या त्या जागेत मेपल सिरप आण.